वाघबीळ ते ऐरोली रोजच्या प्रवासासाठी क्लासिक ३५० : प्रत्यक्ष अनुभव हवे आहेत

वाघबीळचा वाटसरू

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात वाघबीळ येथे राहतो आणि माझे कार्यालय ऐरोलीला आहे. घोडबंदर रस्त्याने माजिवडा, तिथून पूर्व द्रुतगती मार्ग आणि पुढे मुलुंड-ऐरोली पूल असा माझा रोजचा मार्ग असून एका बाजूचे अंतर १६-१७ किलोमीटर भरते. सध्या माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे. ती आता थकली आहे, आणि तिच्या जागी पुन्हा स्कूटरच घेण्याऐवजी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घ्यावी असे गेले वर्षभर मनात घोळत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे मी आता खरोखरच हिशेब मांडायला बसलो आहे.

या ओढीचे मूळ घरातच आहे. माझे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात टर्नर होते आणि १९८३ सालच्या काळ्या बुलेटवरून कामाला जात. रविवारी सकाळी गॅलरीखाली वर्तमानपत्र पसरून ते गाडीचे ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने साफ करीत, आणि फट मोजण्याच्या पातळ पात्यांचे फीलर गेज हातात धरून शेजारी उभे राहण्याचे काम माझ्याकडे असे. ती गाडी १९९६ साली विकावी लागली. वडील आता ७४ वर्षांचे आहेत. नव्या गाडीचा विषय काढला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "रोज चालवणार आहेस, की उभी करून ठेवणार आहेस?" या प्रश्नाला मला खरे उत्तर द्यायचे आहे.

माहितीपत्रकातले आकडे मी वाचले आहेत. ज्यांनी ठाण्यात किंवा नवी मुंबईत ही गाडी किमान एक पावसाळा रोज चालवली आहे, त्यांच्याकडून मला कळून घ्यायचे आहे की १९५ किलो वजनाची गाडी मानपाडा ते कापूरबावडी या पट्ट्यातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या कोंडीत कशी वागते, इंजिनाची धग कितपत सोसावी लागते, आणि आठवड्याचे पाच दिवस चालवूनही शनिवारी ती पुन्हा बाहेर काढावीशी वाटते का. स्पोकची चाके घ्यावीत की अलॉयची, आणि २०२१ पूर्वीची वापरलेली गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दलही मत द्यावे. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा पत्नी मागे बसेल.

खाडीकाठ

मी नेरूळला राहतो. माझ्याकडे २०२२ सालची क्लासिक ३५० आहे. तिचे ३४,००० किलोमीटर झाले असून त्यांतले निम्म्याहून अधिक नेरूळ ते ठाणे या मार्गावर झाले आहेत, कारण आठवड्यातून तीन दिवस मला कामासाठी ठाण्यात यावे लागते. त्यामुळे तुम्ही ज्या कोंडीबद्दल विचारत आहात, तिच्यात मीही अनेकदा उभा राहिलेलो आहे.

आधी ही गाडी मला का आवडते ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय तिचे कष्ट सोसण्याचे कारण कळणार नाही. गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी आणि मडगार्डची कमान पाहून माणूस तिच्याकडे वळतो हे खरे, परंतु वर्षभराने या गोष्टी डोळ्यांच्या सवयीच्या होतात आणि उरते ती इंजिनाची ओढ. या इंजिनाची ताकद मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर २०.२ बीएचपी आहे. ३४९ सीसीच्या मानाने हा आकडा मोठा नाही. पण २७ न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) ४,००० फेऱ्यांवरच मिळतो आणि त्यातला बराचसा वाटा त्याच्याही बऱ्याच आधी हाती येतो. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० च्या वेगाने चालत असताना पुढची रिक्षा बाजूला झाली, तर गिअर न बदलता नुसता मूठभर थ्रॉटल द्यावा. गाडी हिसका न देता, किंकाळी न फोडता, पाठीवर हात ठेवून कोणी पुढे नेत असल्याप्रमाणे वेग घेते. पहाटे सहाच्या सुमारास पाम बीच मार्गावर पाचव्या गिअरमध्ये ६० च्या वेगाने, एका बाजूला खारफुटी आणि समोर रिकामा रस्ता असताना ही गाडी चालवली की तिच्याकडून आणखी वेगाची अपेक्षाच राहत नाही. ताशी ९० नंतर तिला पुढे रेटण्यात मला तरी आनंद मिळालेला नाही. ज्याला तो वेग हवा आहे, त्याने दुसरी गाडी पाहावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोंडीविषयी. इंजिन हवेने आणि तेलाने थंड होते. त्याला पंखा नाही, त्यामुळे वारा थांबला की थंड होणेही मंदावते. एप्रिल-मे महिन्यांत कापूरबावडीच्या अलीकडे पंधरा-वीस मिनिटे इंच-इंच सरकावे लागले, तर गुडघ्याखाली धग नक्कीच जाणवते. जाड कापडाची पँट आणि घोट्यावर येणारे बूट घातल्यास ती सोसण्याजोगी राहते. गाड्या ठप्प झाल्या आहेत असे दिसताच मी इंजिन बंद करतो. पहिला महिनाभर डाव्या मनगटालाही त्रास झाला. नंतर लक्षात आले की स्कूटरच्या सवयीमुळे मी गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबूनच उभी ठेवत होतो. थांबल्याबरोबर न्यूट्रल करण्याची सवय लागली आणि दुखणे गेले. जिथे रांग सलग सरकते, तिथे पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, थ्रॉटलला हात न लावता गाडी आपोआप चालू लागते. हलक्या इंजिनाच्या गाडीवर हे सुख मिळत नाही.

मात्र दोन वाहनांमधल्या फटीतून स्कूटर जशी निघते, तशी ही निघणार नाही. तुमच्या १६-१७ किलोमीटरला गर्दीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटे अधिक लागतील हे धरून चाला.

चाकांबद्दल माझा अनुभव कडू आहे. २०२३ च्या जुलैमध्ये वसईहून परतताना गायमुखाजवळ एका पाणी भरलेल्या खड्ड्यात मागचे चाक आपटले आणि ट्यूब फाटली. स्पोकच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे हवा एका क्षणात जाते आणि चाक उतरवल्याशिवाय काहीही करता येत नाही. पावसात गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत नेली, तर त्याच्याकडे मागच्या ॲक्सलच्या मापाचा पाना नव्हता. एकूण अडीच तास गेले. तेव्हापासून एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, योग्य मापाचे पाने आणि हातपंप मी गाडीसोबत बाळगतो. स्पोकच्या चाकाचे रूप मला फार प्रिय आहे आणि मी ते बदलणार नाही, परंतु घोडबंदर रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाला मी अलॉय आणि ट्यूबलेस टायर असलेलाच प्रकार सुचवेन.

खाडीच्या हवेचीही दखल घ्यावी लागते. पहिल्या पावसाळ्यात मी गाडी ओलीच झाकून ठेवत असे आणि त्या माझ्या हलगर्जीपणामुळे स्पोकच्या निपलांवर व काही नटांवर गंज धरला. आता भिजून आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुतो, कोरड्या फडक्याने पुसतो आणि क्रोमच्या भागांवरून तेलाचा हलका बोळा फिरवतो. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण घालत नाही. साखळीला दर ५०० किलोमीटरला आणि मोठ्या पावसात भिजल्यानंतर लगेच वंगण देतो. मायलेज म्हणाल तर कोंडीसह शहरात मला लिटरला ३१ ते ३३ आणि कसाऱ्याच्या दिशेने मोकळ्या रस्त्यावर ३६-३७ किलोमीटर मिळते.

शेवटी एक छोटी, पण महत्त्वाची सूचना. तुमच्या इमारतीचे पार्किंग उतारावर असेल, तर गाडी उताराच्या खालच्या बाजूला तोंड करून कधीही लावू नका. १९५ किलो मागे ओढून चढवणे एकट्या माणसाचे काम नाही.

उजवा गिअर

मी नौपाड्यात राहतो, वय ६६. माझ्याकडे १९८६ सालची बुलेट आहे आणि ती मीच पहिल्यापासून चालवत आलो आहे. तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न वाचून हे लिहायला बसलो, कारण ज्याने त्या काळातली बुलेट रोज वापरली आहे, त्याच्याच तोंडी तो प्रश्न येऊ शकतो. ती गाडी चार दिवस उभी राहिली तरी रुसत असे.

वडिलांची गाडी आणि तुम्ही घेणार असलेली गाडी यांचे रूप सारखे असले, तरी आतून त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, हे आधी समजून घ्यावे. आमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते, सिलिंडर ओतीव लोखंडाचा होता, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. सुरू करण्याची एक रीत होती. चावी फिरवायची, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग संपूर्ण वजन टाकून एकच सलग किक मारायची. यात घाई केली, किंवा ठिणगीचे टायमिंग पुढे गेलेले असले, तर किक उलटी येई आणि घोटा धरून बसावे लागे. ही रीत अंगवळणी पडली की एका किकमध्ये गाडी सुरू होई. माझी आजही होते.

त्या गाडीचा ठोका वेगळा का वाटतो, याचे कारण साधे गणित आहे. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर धिमे चालत असेल, तर सेकंदाला साडेसात ठोके पडतात आणि ते कानाला सुटेसुटे ऐकू येतात. ६,००० फेऱ्यांवर ते सेकंदाला ५० होतात आणि त्यांची एकच सलग घरघर होते. आमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर होता. एवढ्या लांब स्ट्रोकच्या आणि जड फ्लायव्हीलच्या इंजिनाला धावपळ मानवत नाही, ते कमी फेऱ्यांत, पण सावकाश आणि जोराने काम करते. नव्या इंजिनात बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर आहे. म्हणजे स्ट्रोक अजूनही बोअरपेक्षा बराच लांब ठेवला आहे, आणि वरच्या मित्राने ज्या ओढीचे वर्णन केले, ती तिथून येते. कंपने कमी करण्यासाठी नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट बसवला आहे. काही जुन्या मंडळींना त्याचे दुःख होते. मला होत नाही. चाळीस मिनिटांच्या प्रवासानंतर बोटे बधिर होणे ही काही जपण्यासारखी परंपरा नव्हे.

या गाडीची वंशावळही थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय सैन्यासाठी बुलेट मागवण्यात आल्या आणि १९५५ साली मद्रासमध्ये इंग्लंडच्या रेडिच येथील कंपनीबरोबर एनफिल्ड इंडियाची उभारणी झाली. इंग्लंडमधला मूळ कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासमध्ये तीच गाडी फारसा बदल न होता पिढ्यान् पिढ्या तयार होत राहिली. १९९४ साली कंपनी आयशर समूहाकडे गेली. 'क्लासिक' नावाची गाडी आली ती २००९ साली, तीही इंजिन व गिअरबॉक्स एकत्र असलेल्या नव्या रचनेसह. आणि आजचे इंजिन असलेली क्लासिक १ सप्टेंबर २०२१ रोजी बाजारात आली. तेव्हा तुम्ही घेणार आहात ती जुनी गाडी नव्हे, जुन्या गाडीची आठवण राखून बांधलेली नवी गाडी आहे. मला यात काहीही खोटे वाटत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या ड्रम ब्रेकवर मी पावसात माजिवड्याच्या पुलावरून उतरलो आहे. डिस्क ब्रेक आणि एबीएस असलेली गाडी मुलाने चालवावी, असे तुमच्या वडिलांनाही मनापासून वाटेल.

कदाचित तुमच्या मनात वडिलांच्या काळातलीच एखादी गाडी शोधून चालती करण्याचा विचार येईल. तो यायलाही हवा. पण ती रविवारची गाडी म्हणून घ्या, ऐरोलीला जाण्यासाठी नव्हे. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी आरटीओत पुन्हा करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नंबरची नवी उच्च सुरक्षा पाटी बसवून घ्यावी लागते. त्यातून आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय दुसरे काय असते? जुनी लोखंडी टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी केली, तर टाकी आतून गंजते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचे वॉशर फुगतात किंवा चिरतात. मी नळ्या बदलून घेतल्या आहेत, आणि पावसाळ्यात गाडी थांबवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो.

खारघरची शलाका

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडते. रोजच्या ये-जा करण्यासाठी क्लासिक हाच उत्तम पर्याय आहे, असे मला वाटत नाही.

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. २०२३ मध्ये मी क्लासिक घ्यायला गेले होते. तिच्या सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे. बसल्यावर माझ्या पायांचे चवडे टेकत होते, पण रस्ता एका बाजूला उतरता असेल तर तोल सांभाळणे अवघड जाईल हे शोरूमच्या दारातच कळले. म्हणून मी रॉयल एनफिल्डचीच हंटर ३५० घेतली. तिचे इंजिन तेच आहे, वजन १८१ किलो, सीट ७९० मिलिमीटर, आणि १७ इंची अलॉय चाकांवर ट्यूबलेस टायर आहेत. खारघरहून महापेला मी ती रोज नेते. सायन-पनवेल महामार्गावरून उतरून तुर्भ्याच्या ट्रकांच्या गर्दीत वळताना ते १४ किलोचे अंतर खरोखर जाणवते, आणि यू टर्न तर क्लासिकपेक्षा कितीतरी सोपा पडतो.

परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याने क्लासिक घेतली आणि आता मी दोन्ही चालवते. खराब रस्त्यावर क्लासिकचे १९ इंची पुढचे चाक खड्ड्यावरून ज्या शांतपणे जाते, तसे हंटरचे जात नाही; लहान चाक खड्ड्यात उतरते आणि हँडलपर्यंत धक्का पोहोचतो. माळशेज घाटात मुरबाडमार्गे गेलो तेव्हा परतीला मी हट्टाने क्लासिक मागून घेतली. म्हणून घोडबंदरच्या बाबतीत, रस्ता खराब असला तर क्लासिक आणि कोंडी अधिक असली तर हंटर, असा पेच आहे, आणि तुमच्या वाट्याला दोन्ही आहेत. तुमची उंची पाहता वजनाचा प्रश्न माझ्याइतका कठीण ठरणार नाही.

पत्नी मागे बसणार असतील, तर त्यांना सोबत घेऊनच चाचणी फेरी मारा. पुढची सीट ऐसपैस आहे. मागची लहान आहे आणि अर्ध्या तासानंतर माझी तक्रार सुरू होते. साडी किंवा ओढणी असेल तर साडीगार्ड काढून टाकू नका, हे मुद्दाम सांगते, कारण रूप मोकळे दिसावे म्हणून अनेक जण पहिल्याच दिवशी ते काढतात. चाचणी फेरी सकाळी दहाला रिकाम्या रस्त्यावर घेण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी साडेसहाला मानपाड्याकडे वळा, एकदा यू टर्न घ्या, एकदा चढावर थांबून पुन्हा निघा, आणि शेवटी गाडी मेन स्टँडवर स्वतः चढवून पाहा. हाताने उचलायला जाल तर कंबर धरेल. स्टँडच्या खुंटीवर पायाने पूर्ण वजन टाकले की गाडी आपली आपण मागे सरकून चढते.

कळव्याचा पाना

माझे कळव्यात दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. वापरलेल्या गाडीच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

२००९ ते २०२१ या काळातल्या क्लासिक ३५० मध्ये ३४६ सीसीचे जुन्या मापाचे इंजिन आहे. २०२० च्या सुरुवातीपर्यंत तिला कार्बोरेटर होता, बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आल्यावर फ्युएल इंजेक्शन आले. गाडी चांगली जपलेली असेल तर घ्यायला हरकत नाही, पण विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी सकाळी येईन आणि गाडी थंडच हवी. गरम करून ठेवलेली गाडी आपले आवाज लपवते. थंड गाडी सुरू करताना स्टार्टर दाबल्यावर करकर असा घासल्याचा आवाज आला, तर स्टार्टर इंजिनाला जोडणाऱ्या स्प्रॅग क्लचकडे लक्ष द्यावे लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. त्या इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, ते तेल चढेपर्यंत थोडा वेळ टिकटिकतात. गरम झाल्यावरही टिकटिक राहिली तर गाडी सोडून द्या. मेन स्टँडवर लावून दोन्ही चाके फिरवा आणि रिमचा आउट, म्हणजे ती डुलते का, ते पाहा. हँडल डावी-उजवीकडे सावकाश वळवा, मध्यावर अडकत असेल तर कोन सेट, म्हणजे हँडलचा बेअरिंग संच, गेलेला आहे.

सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस कारवाई करतात आणि ती योग्यच आहे, कारण रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या रस्त्याने तो आवाज नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. कागदांत कर्जाचा बोजा उतरला आहे ना, तेही पाहा.

तरीही तुमचा रोजचा वापर पाहता, पैसे जमत असतील तर नवीच घ्या. एक लक्षात ठेवा: नव्या गाडीला किक नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर पेट्रोलचा पंपही चालत नाही आणि धक्का मारूनही गाडी सुरू होण्याची खात्री नसते. पंधरवड्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर बॅटरीची एक वायर काढून ठेवा. आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेले दिसले तर मागे फिरा. दर पावसाळ्यात तिथे पाणी भरते, आणि तिथून ढकलत आणलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

वाघबीळचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण तुम्ही सांगितलेले सर्व करून पाहिल्याशिवाय काही लिहिणे मला योग्य वाटत नव्हते.

शलाकाताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला पत्नीसह चाचणी फेरी घेतली. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत जायला २५ मिनिटे लागली. ऑक्टोबरचा उकाडा असूनही धग मला भीती होती त्याहून कमी वाटली. मनगट मात्र दुखले, आणि खाडीकाठ यांनी न्यूट्रलबद्दल जे लिहिले आहे ते तिथल्या तिथे आठवले. पत्नीला सीट लहान वाटली, परंतु स्कूटरपेक्षा खड्डे कमी जाणवले असे तिने स्वतःहून सांगितले. हंटरही चालवून पाहिली. कोंडीत ती निःसंशय सोपी आहे. तरीही वाघबीळच्या पुलाखालच्या उखडलेल्या पट्ट्यावरून दोन्ही गाड्या पाठोपाठ नेल्यावर माझा निर्णय झाला. अलॉय चाकांचा प्रकार निवडून नोंदणी केली आहे. स्कूटर विकणार नाही. मुसळधार पावसाच्या दिवसांसाठी ती घरी राहील.

दुसऱ्या दिवशी वडिलांना शोरूममध्ये घेऊन गेलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात फिरवला, मग मला बाजूला करून स्वतः सीटवर बसले आणि स्टँड न काढताच क्लच दाबून उजव्या पायाने गिअर शोधू लागले. तिथे ब्रेक होता. विक्रेता काही सांगू लागला, तेव्हा त्यांनी हाताने त्याला थांबवले आणि पाय डावीकडे नेऊन पहिला गिअर घातला. "बदलून टाकला लेकांनी," असे म्हणाले, पण उतरायची घाई केली नाही.

त्यांच्या प्रश्नाला मी असे उत्तर दिले की आठवड्यातले चार दिवस ही गाडी ऐरोलीला जाईल. त्यांना ते पटलेले दिसले.

उजवा गिअर काका, गाडी धनत्रयोदशीला घरी येईल. पहिल्या काही दिवसांत काय सांभाळावे, एवढे कृपया सांगा.

उजवा गिअर

अभिनंदन. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटर किंवा ४५ दिवस यांपैकी जे आधी होईल तेव्हा असते. तोपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका आणि एकाच वेगाने लांबवर जाऊ नका. त्या दृष्टीने तुमचा रोजचा रस्ता, जिथे वेग सतत कमी-जास्त होतो, तो नव्या इंजिनाला चांगलाच आहे. त्याचबरोबर वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगात इंजिनाला कण्हत ओढायला लावू नका. जोराचे इंजिन आहे म्हणून लोक नेमकी हीच चूक करतात. ४५ च्या खाली आलात तर पाचव्यातून चौथ्यात या. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट तेल फिरू द्या आणि मग सावकाश निघा.

आणखी एक. कळव्याच्या मित्राने ज्या हायड्रॉलिक टॅपेटचा उल्लेख केला, ते तुमच्या नव्या इंजिनात नाहीत. याचे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे ती फट, पूर्वीसारखे फीलर गेज घालूनच तपासतात आणि स्क्रूने जुळवतात. वॉरंटीच्या काळात ते काम सेवा केंद्रातच होऊ द्या, पण त्या दिवशी वडिलांना सोबत घेऊन जा, आणि तुमच्या लहानपणीचा तो गेज घरात कुठे ठेवला आहे ते त्यांना विचारून ठेवा.